पेठेकाकांचा क्वार्टरबॅक

पेठेकाका गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. लंडनजवळच्या स्लाऊच्या आमच्या जुन्या ग्रुपवर सकाळपासून जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कुणी 'आधारवड' लिहिलं, कुणी 'मार्गदर्शक'. एकानं तर चक्क 'ऋषितुल्य' लिहिलं. याच गृहस्थांना काकांनी एकदा सगळ्या टीमसमोर सांगितलं होतं, "तुम्ही असं करा, कुंपणाला टेकून उभे राहा. तेवढं तुम्हाला जमेल." माणूस गेला की लोकांची स्मरणशक्ती एकदम सभ्य होते. माझी होत नाही, हा माझा दोष. मी दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं, आणि फोन पालथा ठेवून कामाला लागले.

मी आता ग्लासगोला असते. त्याआधी अकरा वर्षं स्लाऊला होते, तिथल्या एका फार्मसीत औषधं द्यायचं काम करत होते, आणि पेठेकाका आमच्या समोरच्या घरात राहायचे. मधुसूदन पेठे. उंच, सडसडीत, केस शेवटपर्यंत काळे, आणि अंगात बारा महिने एक निळं जाड जाकीट. ते त्यांनी कॅनडातल्या विनिपेगहून आणलं होतं. जुलैत सगळं स्लाऊ अर्ध्या कपड्यांत फिरत असलं तरी काकांची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. विचारलं तर म्हणत, "हवामान खात्यावर माझा विश्वास नाही."

त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. एका मोठ्या वेअरहाउसमध्ये ते हेल्थ अँड सेफ्टी ऑफिसर होते. जगात काय काय बिघडू शकतं हे आधीच शोधून ठेवायचं, हेच त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि ते त्यांनी घरीही आणलं होतं. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी मान वर करून स्मोक अलार्म शोधायचे. हॉलमधल्या गणपतीत वाळूची बादली आल्याशिवाय त्यांनी निरांजन लावू दिलं नाही. बादली येईपर्यंत ऐंशी माणसं हातात फुलं घेऊन उभी होती. कुणी कुरकुर केली की काका अतिशय मृदू आवाजात म्हणायचे, "तुमची मुलं आहेत ना आत? माझं काय, मी दाराजवळच उभा आहे."

त्यांचा आवडता शब्द 'बघू'. ते नाही कधीच म्हणत नसत. नाही म्हटलं की समोरचा भांडू शकतो, 'बघू'शी भांडता येत नाही. कुसुमकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गाडी चालवायला शिकायची होती. विनिपेगला वीस वर्षं "बघू, बर्फ वितळू दे" झालं. इथे आल्यावर काकूंनी नवऱ्याला न सांगता प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढलं आणि मला दाखवायला आणलं. फोटोत काकू लहान मुलीसारख्या हसत होत्या. काका म्हणाले, "छान आहे. बघू." काकू गेल्या तेव्हा ते लायसन्स त्यांच्या पर्समध्ये होतं, आणि एल-प्लेटची कोरी पाकिटं कपाटात. ती आवरताना काका मला म्हणाले, "बरं झालं, शिकली नाही. या राउंडअबाउटवर तिचं काही खरं नव्हतं." बायको कॅन्सरनं गेली होती.

तर अशा माणसाला आयुष्यात एकच वेड होतं, आणि ते कॅनेडियन फुटबॉलचं. इथे फुटबॉल म्हटलं की लोकांना गोल बॉल दिसतो. हा तो नव्हे. हा हेल्मेट घालून, लांबट बॉल हातात घेऊन, एकमेकांना धडकायचा खेळ. अमेरिकनांचा असतो तसाच, पण काका ते ऐकून घ्यायचे नाहीत. "त्यांना दहा यार्ड जायला चार संधी लागतात," ते तुच्छतेनं म्हणायचे. "आपल्याला तीन." विनिपेगच्या वीस वर्षांत हा खेळ त्यांच्या अंगात भिनला होता. स्लाऊला आल्यावर त्यांनी वेअरहाउसमधले पोलिश, पंजाबी, जमैकन, मराठी असे मिळतील ते दणकट लोक गोळा करून टीम उभी केली. कॅनडाच्या नियमांनी खेळणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्याच टीम होत्या. त्या उन्हाळ्यात रविवारी कुठल्यातरी पार्कात भेटायच्या आणि एकमेकांची हाडं खिळखिळी करायच्या.

माझा यात संबंध एवढाच, की मैदानाच्या कडेला कितवी संधी चालू आहे ते दाखवायला आकड्याची काठी धरणारा एक माणूस लागतो. आधीच्याची पाठ गेली. काका एका संध्याकाळी दारात आले. "नीलाताई, तुम्ही दिवसभर फार्मसीत उभ्याच असता. रविवारी मैदानात उभ्या राहाल?" काठी अमेरिकन दुकानातून आलेली होती, तिच्यावर चारचाही आकडा होता. काकांनी त्यावर काळी टेप चिकटवली होती.

काठी धरता धरता मला खेळ कळला. मधोमध उभा राहतो तो क्वार्टरबॅक. बॉल आधी त्याच्या हातात येतो. मग दोनच रस्ते. तो बॉल शेजारून पळत येणाऱ्या रनरच्या पोटात कोंबायचा आणि त्यानं माणसांच्या भिंतीत डोकं घालायचं, हा रन. किंवा लांब धावत गेलेल्या आपल्या माणसाकडे हवेतून फेकायचा, हा पास. रनमध्ये दोन-तीन यार्ड मिळतात. पासमध्ये चाळीस मिळू शकतात, पण बॉल दुसऱ्यांच्या हातातही जाऊ शकतो, ते इंटरसेप्शन. तीन संधींत, म्हणजे खेळाच्या भाषेत तीन 'डाउन'मध्ये, दहा यार्ड झाले नाहीत तर बॉल गेलाच, म्हणून दोन फुकट गेल्या की बहुतेक लोक तिसरीला लांब किक मारून तो समोरच्यांच्या दाराशी ढकलून देतात.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान यात बसलं होतं. रन, रन, किक. पुन्हा रन, रन, किक. "बॉल हवेत गेला की तो कुणाचाच नसतो," हे त्यांचं वाक्य. प्रत्येक प्रॅक्टिसला एकदा, मॅचच्या आधी दोनदा. शिवाय कॅनडाच्या नियमात त्यांच्यासाठी एक सोय होती. किक समोरच्यांच्या एंड झोनमध्ये, म्हणजे शेवटच्या पट्ट्यात गेली आणि त्यांना बॉल घेऊन बाहेर येता आलं नाही, तर एक गुण मिळतो. नुसता एक. बाकीचे कोच तो वाटेत सापडला तर उचलायचे. काका त्यासाठीच घरून निघायचे.

ग्लासगोची टीम एकदा रात्रभर बसचा प्रवास करून आमच्याकडे आली होती. ती मॅच आम्ही चार विरुद्ध तीन अशी जिंकली. चार किक, चार गुण. ग्लासगोवाल्यांच्या सोबत आलेली एक म्हातारी बाई मध्येच उठून मला विचारायला आली, "तुमच्या क्वार्टरबॅकच्या हाताला काही झालंय का, डिअर?" मी म्हटलं, नाही. "मग तुमच्या कोचच्या डोक्याला?" काकांनी ते ऐकलं. त्यांना राग आला नाही. ते तिला म्हणाले, "मॅडम, स्कोअर बघा."

तो क्वार्टरबॅक म्हणजे आकाश. आकाश कांबळे.

आकाश स्लाऊमध्येच जन्मला. त्याची आई वंदना माझी मैत्रीण. ती कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हाउसिंग खात्यात नोकरीला, आणि बुद्धविहारातला रविवारचा अभ्यासवर्ग तीच चालवायची. तिच्या वडिलांनी इथल्या कारखान्यात युनियन उभी करताना नोकरी घालवली होती, आणि ते घरात अभिमानानं सांगितलं जायचं. मीटिंगमध्ये वंदना हात वर न करता बोलायला लागायची. आकाशनं मात्र वडिलांचा गरीब स्वभाव घेतला होता. अंगानं बैलासारखा, आवाज माझ्या मांजरापेक्षा बारीक. वेअरहाउसमध्ये शिफ्ट प्लॅनर होता. मराठी त्याच्या जिभेवर नेहमी जरा घसरायची. "मावशी, माझा बाटली कुठे ठेवला?" मी बाटली दाखवायची, तो थँक यू म्हणायचा.

एका मंगळवारी प्रॅक्टिसला काका उशिरा येणार होते. मारेक नावाचा आमचा पोलिश किकर, फोर्कलिफ्ट चालवणारा, आकाशला म्हणाला, "चल, फेक." मारेक पळत सुटला. पार्कच्या पलीकडच्या टोकाला हिरवी कचराकुंडी होती, तिच्याही पुढे गेला. आकाशनं दोन पावलं मागे घेतली आणि हात फिरवला. बॉल वर गेला, फिरत राहिला, आणि मारेकनं वळून बघायच्या आत त्याच्या दोन हातांत येऊन बसला. त्याला हात लांब करावा लागला नाही. मारेक पोलिशमध्ये ओरडला. पाच वेळा झालं, पाचही वेळा तेच. मला खेळातले बारकावे कळत नव्हते, तरी हा हात वेगळा आहे एवढं कळलं. मग मी मागे वळले. गेटपाशी पेठेकाका उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. आत येऊन ते म्हणाले, "आकाश, कोन गोळा कर. आज रनची प्रॅक्टिस आहे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ते 'मला माहीत नव्हतं' असं म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं नसतं.

आकाशला ते मॅचमध्ये चार-पाच पास फेकू द्यायचे. तेही कधी? पहिल्या रनमध्ये उलटं मागे जाऊन पंधरा यार्ड हवे असायचे तेव्हा. तेव्हा समोरच्या टीमला, पंचांना, मला आणि कुंपणावरच्या कबुतरांनाही ठाऊक असायचं की आता पास येणार. समोरचे सगळे मागे जाऊन तयार उभे. त्यातले दोन पास खाली पडायचे, एक जायचा. मग सोमवारी काका ग्रुपवर तक्ता टाकायचे. क्वार्टरबॅक परफॉर्मन्स: पास पाच, यशस्वी दोन, एक समोरच्यांच्या हाती. शेरा: निराशाजनक. मंगळवारी तोच तक्ता सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचायचा. आकाश मान खाली घालून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "सॉरी काका, माझा चूक झाला." काका म्हणायचे, "म्हणूनच तर मी फेकू देत नाही ना बाळ." तीन वर्षं हे ऐकलं मी. दोरीनं बांधून ठेवायचं आणि पळता येत नाही म्हणून रोज हिणवायचं, असा तो प्रकार होता.

एरवी काका टीममधल्या सगळ्या पोरांना अरे-तुरे करत. राग आला की अहो-जाहो सुरू व्हायचं. "या, बसा," म्हणाले की समजावं, या माणसाचा सीझन संपला. आकाशला त्यांनी तीन वर्षांत एकदाही अहो म्हटलं नाही.

मग कॅनडातल्या एका टीमचा माणूस इंग्लंडला येणार असं कळलं. त्याचं नाव डग. त्यांच्या ट्रेनिंग कॅम्पला दोन-तीन नवे खेळाडू न्यायचे होते. टीममधल्या एकानं फोनवर काढलेले आकाशच्या त्या मंगळवारच्या पासचे व्हिडिओ कुणीतरी त्याला पाठवले आणि त्याचं उत्तर आलं: मॅचमध्ये बघायला आवडेल. ईलिंगविरुद्धची मॅच ठरली. आकाश सत्तावीस वर्षांचा होता. त्या वयात ही पहिली संधी आणि शेवटचीही, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. त्यानं आशेनं आधीच मॅनेजरला विचारून ठेवलं होतं, सहा महिने बिनपगारी रजा मिळेल का.

मॅचच्या आदल्या दिवशी तो काकांकडे आला तेव्हा मी तिथेच होते, त्यांची ब्लडप्रेशरची औषधं द्यायला गेले होते. आकाशनं आत येऊन बूट काढले, ते नीट भिंतीशी लावले आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "काका, उद्या फक्त टेन थ्रोज. फर्स्ट डाउनला. आय प्रॉमिस, इंटरसेप्शन नाही होणार."

काकांनी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचली. "बघू," ते म्हणाले.

आकाश इथला. त्याला तो शब्द 'हो'च्या जवळपासचा वाटला. त्याचा चेहरा असा उजळला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. कुसुमकाकूंचं कपाट मी आवरलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "काका, ही पांढरी गोळी जेवणानंतर."

रविवारी आकाशनं तीन पास फेकले. त्यातले दोन शेजारच्या माणसाकडे, ताक वाढावं इतक्या अंतरावर. डग कुंपणापाशी खुर्ची टाकून बसला होता. पहिल्या हाफमध्ये त्याच्या मांडीवरची वही उघडी होती, दुसऱ्यात त्यानं सँडविच काढलं. वंदना माझ्या मागे उभी होती. ती दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "आता देईल. आता देईल बघ."

शेवटी बारा-बारा अशी बरोबरी. जेमतेम अर्धं मिनिट उरलं होतं. बॉल आमच्याकडे, समोरच्यांच्या एंड झोनपासून चाळीस यार्डांवर. पहिल्या संधीला रन, तीन यार्ड. माझ्या काठीवर दोनचा आकडा. म्हणजे अजून दोन संधी हातात. ईलिंगची सगळी माणसं आमच्या रनरला अडवायला पुढे दाटून उभी होती. मागे मैदान रिकामं. आमचा एक माणूस पार कडेला एकटा उभा राहून अंगठ्यानं मागे खुणावत होता. डग सँडविच खाली ठेवून उभा राहिला. आकाशनं काकांकडे पाहिलं.

काकांनी मारेकला पाठवलं. दुसऱ्याच संधीला किक. असं कुणी करत नाही. मारेक निम्म्या वाटेत थांबून म्हणाला, "कोच, सेकंड आहे." काका म्हणाले, "मला मोजता येतं. तिसरीला बॉल हातातून निसटला तर?"

आकाश बाहेर आला. मारेकनं किक मारली, बॉल एंड झोनच्याही मागे गेला, एक गुण. आम्ही तेरा-बारा जिंकलो. पोरांनी काकांना उचलून घेतलं. आकाशही त्यांच्यात होता, त्यानं काकांचा डावा पाय धरला होता. त्याच्या पँटला माती लागलेली नव्हती.

मी दहा यार्ड मोजायची साखळी गुंडाळत होते तेव्हा डग काकांपाशी आला. मी चार पावलांवर होते. त्यानं सरळ विचारलं, "हा पोरगा फेकू शकतो की नाही? व्हिडिओत फेकतो. आज काहीच दिसलं नाही. तुम्ही त्याला तीन वर्षं पाहिलंय."

काकांनी थर्मासचा चहा ओतला, अर्धा त्याला दिला. आणि इंग्रजीत, त्यांच्या त्या मृदू आवाजात म्हणाले, "तीन वर्षांत या मुलानं माझा शब्द एकदाही मोडला नाही. आज समोर मैदान मोकळं होतं. त्याला दिसत होतं. माझ्याकडे न बघता त्यानं फेकला असता तर मी काय केलं असतं? विचार करा. असला क्वार्टरबॅक तुम्हाला कशाला हवा?"

डग हसला. "फेअर पॉइंट," म्हणाला. त्यानं वही खिशात टाकली, चहा संपवला, कप परत दिला. पलीकडे आकाश कोन गोळा करत होता आणि दर कोनाला वाकताना इकडे बघत होता.

मी साखळी बॅगेत भरली आणि घरी आले.

पाच आठवडे आकाश ईमेलची वाट बघत होता. मग एक दिवस वंदनाचं औषध न्यायला तो फार्मसीत आला आणि काउंटरवर फोन ठेवून म्हणाला, "मावशी, तुम्ही तिथे होता ना? मी काय चुकीचा केला?" मागे रांग होती. मी त्याला बाजूच्या छोट्या खोलीत नेलं, जिथे आम्ही लसी देतो, आणि शब्दन् शब्द सांगितला. त्याला कळायला हवं म्हणून सांगितला, असं तेव्हा स्वतःला समजावलं. खरं तर माझ्याच्यानं ते एकटीला वागवेना. तो लस घ्यायच्या खुर्चीत बसला होता. बराच वेळ बाहीशी चाळा करत राहिला.

"पण त्यांनीच सांगितलं होतं ना, ऐकायचं," तो म्हणाला.

त्या सीझनच्या उरलेल्या मॅचना तो आला नाही. पुढच्या वर्षी काकांनी डिलन नावाचा नवा क्वार्टरबॅक आणला. बावीस वर्षांचा, तोंडाळ. पहिल्याच मॅचला काकांनी रनची खूण केली. डिलननं मान डोलावली, बॉल रनरला द्यायचं नाटक केलं आणि पन्नास यार्ड फेकून सहा गुणांचा टचडाउन मिळवून दिला. मी काठी टाकून टाळ्या वाजवल्या. मला खरंच वाटलं, हाच तो. काकांना हवा होता तो, न ऐकणारा. आकाशवर अन्याय झाला असेल, पण निदान माणूस आपल्या बोलण्याला जागला, असं तरी म्हणता येईल.

डिलन उड्या मारत कडेला आला. काका त्याला मराठीतच म्हणाले, "या. बसा."

तो पुढचे तीन रविवार बसला, मग यायचा बंद झाला. तो आला नाही त्या पहिल्या रविवारी गाडीत मी काकांना विचारलंच. "तुम्ही त्या डगला म्हणाला होतात, न ऐकणारा हवा. यानं ऐकलं नाही तर याला बसवलंत?"

काकांना आठवायला थोडा वेळ लागला. तेच मला जास्त लागलं. मग सीटबेल्ट एकदा ओढून बघत म्हणाले, "अहो, म्हणालो असेन. त्याला काहीतरी सांगायला हवं होतं ना? आकाश गेला असता तर माझी टीम कुणी चालवली असती?" आवाजात लाज नव्हती, लपवाछपवीही नव्हती. मी पुढे काय बोलते याची वाट न बघता त्यांनी रेडिओ लावला. मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली. आणि त्यांना घरापर्यंत सोडलं मीच.

दोन दिवसांनी त्यांनी आकाशला फोन केला. काय बोलले मला माहीत नाही. आकाश परत आला.

त्या रात्री वंदना माझ्या दारात उभी होती. आत ये म्हटलं तर आली नाही. "माझ्या बापानं मला एकच शिकवलं नीला, नाही म्हणायला. त्यासाठी नोकरी घालवली त्यानं. मी पोराला तेच शिकवलं. आणि या पेठ्यानं तीन वर्षांत ते विसरायला लावलं. खेळात! खेळ म्हणून!" मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तो त्या गोऱ्याला सांगत होता तेव्हा तू तिथेच होतीस ना? तू काय म्हणालीस?"

"काही नाही," मी म्हटलं.

"हं," वंदना म्हणाली आणि गेली. आमचं बोलणं त्यानंतर कमीच झालं.

माझ्या नवऱ्याची ग्लासगोला बदली झाली. निघायच्या आधीचा शेवटचा रविवार, मी मैदानात गेले. आकाश बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. जरा सुटला होता, दाढी वाढवली होती. पेठेकाका त्याच्या पुढ्यात उभे होते, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत, हात मागे बांधलेले. मी काठी घेऊन शेजारी.

नाडी बांधता बांधता, वर न बघता आकाशनं विचारलं, "काका, तुम्ही त्या डगला काय सांगितलं होतं?"

त्याला सगळं माहीत होतं. आता तो बोलेल, या माणसाला तोंडावर सांगेल, आणि मला ते ऐकायला मिळेल म्हणून मी काठी दोन्ही हातांनी धरली.

काका म्हणाले, "चांगलंच सांगितलं की. मुलगा गुणी आहे म्हटलं. त्यांनी घेतलं नाही, त्याला मी काय करणार?"

आकाशनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, दोनदा गाठ मारली.

"थँक यू, काका," तो म्हणाला. "आज पहिला प्ले काय?"

"रन."

"आणि दुसरा?"

"आधी पहिला तर होऊ दे," काका म्हणाले आणि हसले. मोकळेपणानं, दात दाखवून. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आकाशच्या पाठीवर हात ठेवला आणि तो मैदानात जाईपर्यंत काढला नाही.

बॉल आकाशच्या हातात आला. डाव्या कडेनं आमचा माणूस सुटला होता, त्याच्या आसपास कुणी नव्हतं. आकाशनं त्याला पाहिलं. त्यानं पाहिलं हे मीही पाहिलं. त्याचा खांदा थोडा मागे गेला. मग त्यानं तो खाली घेतला आणि बॉल रनरच्या पोटात ठेवला. माणसांचा ढीग झाला. पंचांनी ढीग उपसला. दोन यार्ड.

मैदानात कुणाला काही वाटलं नव्हतं, पोरं पुढच्या प्लेसाठी जागेवर येत होती, आणि पेठेकाका एकटेच टाळ्या वाजवत होते.